हळदीचा गुण त्वचेंत पोहोंचावा कसा?

गेल्या फाल्गुनांत हळदीची काढणी चालू असतां वाळवा तालुक्यांतील आमचे एक स्नेही दोन वस्तु घेऊन आमच्याकडे आले. एक होती मलमाची अर्धी रिकामी झालेली नळी आणि दुसरा होता एक रंगीत कागद. नळी त्यांच्या अठरा वर्षांच्या मुलीची. तोंडावरील मुरूम जावेत म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिनें ती औषधाच्या दुकानांतून डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून आणिली व चार महिने लाविली. पहिल्या पंधरवड्यांत चेहरा उजळला. पुढें मुरूम दुणावले, गालांची कातडी लाल व पातळ झाली, आणि उन्हांत गेलें कीं आग होऊं लागली. रंगीत कागदावर हळदीच्या ‘नॅनो’ मलमाची जाहिरात होती. तो कागद देणाऱ्या गृहस्थानें, ‘या मलमासाठीं तुमची हळद आम्ही दुप्पट भावानें घेऊं, लागवडीचा करार करा व बेण्याचे पैसे आगाऊ भरा,’ असें सांगितलें होतें.

“अण्णा,” आमचे स्नेही म्हणाले, “हळद आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. पोरीच्या आजीनें महिनाभर हळदीचा लेप लावून पाहिला, त्याचा कांहींच गुण आला नाहीं. मग हा गृहस्थ म्हणतो तें खरें मानावें कीं खोटें?”

प्रश्न एका घरचा असला तरी हळद पिकविणाऱ्या प्रत्येकास तो लागू आहे. म्हणून त्याचें उत्तर आम्हांस जसें समजलें तसें वाचकांपुढें ठेवितों.

मुरूम होतो कसा?

त्वचेवर जेथें केंस आहे, तेथें त्याच्या मुळाशीं एक अरुंद खोबण असते. तिला केशकूप म्हणतात. या कूपास लागून स्नेहग्रंथि असते, व तिच्यांतून पाझरणारा तेलकट रस कूपाच्या तोंडावाटे वर येऊन कातडी मऊ ठेवितो. मूल वयांत येऊं लागलें म्हणजे शरीरांतील कांहीं अंतःस्राव वाढतात व त्यायोगें हा रस जास्त सुटूं लागतो. त्याच वेळीं कूपाच्या आंतील मृत पेशी नीट गळून न पडतां रसांत मिसळतात आणि तोंडाशीं बूच बसवितात. पाटाच्या मोरींत पालापाचोळा अडकून पाणी तुंबावें, तसाच हा प्रकार होय.

तुंबलेल्या रसांत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नांवाचे जंतु फार वाढतात. हे जंतु निरोगी त्वचेंतही वस्तीस असतात; २०१६ पूर्वींच्या पुस्तकांत त्यांचें नांव प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस असें आढळेल. त्यांच्याशीं शरीर झगडूं लागलें कीं कूप सुजतो, लाल होतो व पू धरितो. यासच आपण मुरूम म्हणतों आणि वैद्यकांत तारुण्यपीटिका म्हणतात. अस्वच्छतेमुळें मुरूम येतात ही समजूत चुकीची आहे. तोंड घासघासून धुतल्यानें ते उलट चिडतात. मोठा मुरूम बरा होतांना मागें खड्डा ठेवून जातो व तो खड्डा बहुधा जन्मभर राहतो. यास्तव ‘वयाचा खेळ आहे, आपोआप जाईल’ असें म्हणून स्वस्थ बसणें इष्ट नाहीं.

येथें एवढें ध्यानांत ठेवावें, कीं मुरूम दिसतो वर, पण त्याचें मूळ कूपाच्या तळाशीं असतें. औषध पोहोंचावयास हवें तें तेथें.

लेपाचा गुण कां येत नाहीं?

वाळलेल्या हळकुंडांत पिवळा रंग देणारें जें द्रव्य असतें त्यास कुरकुमिन म्हणतात. सामान्य हळदींत त्याचें प्रमाण शेंकडा २ ते ५ असतें. १८१५ मध्यें फोगेल व पेल्तिए या दोघा रसायनशास्त्रज्ञांनीं तें प्रथम वेगळें काढलें, आणि १९१० मध्यें त्याची रासायनिक रचना निश्चित झाली. कुरकुमिन सूज आणणाऱ्या क्रिया मंद करितें व मुरमाच्या जंतूंची वाढ रोखतें, असें प्रयोगशाळेंतील परीक्षांत अनेकदां दिसून आलें आहे. तेव्हां आजीबाईचा बटवा अगदींच निराधार नव्हता. परंतु या द्रव्याच्या अंगीं तीन खोडी आहेत.

पहिली खोड अशी, कीं तें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. आपण हळद पाण्यांत कालवून लावितों तेव्हां कुरकुमिन भुकटीच्या दाण्यांतच अडकून राहतें व लेप धुतला कीं त्याबरोबर वाहून जातें. मागें राहतो तो पिवळा डाग.

दुसरी खोड, तें टिकत नाहीं. उजेडांत तें विटतें. शरीराच्या आंतील द्रवाइतका सौम्य क्षारपणा व तेवढीच उष्णता असलेल्या पाण्यांत ठेविलें असतां अर्ध्या तासांत त्याचा शेंकडा ९० भाग नाहींसा होतो, असें १९९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलें. हळदीस चुना लागला कीं ती लाल होते, व कुंकू करण्याची जुनी रीत यावरच उभी आहे, हें आपल्या गृहिणींस ठाऊक आहे. क्षारानें प्रथम रंग पालटतो आणि पुढें द्रव्यच मोडतें. म्हणून हळदींत खाण्याचा सोडा मिसळून चेहऱ्यास लावण्याचे जे उपाय कानावर येतात, त्यांत हळदीचाही नाश आहे व कातडीचाही.

तिसरी खोड कुरकुमिनाची नसून आपल्या कातडीची आहे, आणि ती खोड नसून ईश्वरी योजनाच म्हणावी लागेल. त्वचेचा अगदीं वरचा थर मिलिमीटराच्या शंभराव्या ते पन्नासाव्या हिश्शाइतकाच जाड, परंतु भिंतीसारखा भक्कम आहे. मृत पेशी या त्याच्या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ हा त्याचा गिलावा. बाहेरचें आंत जाऊं नये व आंतलें पाणी बाहेर उडूं नये, हेंच त्याचें काम. कुरकुमिनाचा रेणु या भिंतींतून शिरण्याइतका लहान आहे. पण विरघळल्यावांचून तो भिंतीपर्यंत येतच नाहीं.

माल उत्तम आहे, बाजारही आहे, पण मध्यें ओढा असून पूल नाहीं, अशी ही स्थिति आहे. गेल्या कांहीं वर्षांतील संशोधन या पुलाविषयींचें आहे.

अब्जांश कण म्हणजे काय?

‘नॅनो’ हा शब्द आपल्या गांवोगांवीं २०२१ पासून युरियाच्या बाटलीबरोबर येऊन पोहोंचला. त्या युरियाच्या उपयुक्ततेविषयीं वाद आहे. लुधियानाच्या कृषि विद्यापीठाच्या प्रयोगांत नेहमींच्या खताचा भाग कमी करून तो वापरला असतां गहूं व भात यांचें उत्पन्न घटल्याचें दिसलें. म्हणून शब्द ऐकून भुलूंही नये व विटूंही नये. वस्तु काय आहे तें पाहावें.

एका मिलिमीटराचे दहा लाख भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर होय. आपला केंस साधारणतः ५० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. औषध वाहून नेण्यासाठीं बनविलेले कण बहुधा ५० ते ५०० नॅनोमीटरांचे असतात. हे कण म्हणजे औषध नव्हे. ती औषधाची गाडी होय. पाण्यांत न विरघळणारें कुरकुमिन स्निग्ध कणाच्या पोटांत विरघळवून ठेवावयाचें, आणि तो कण पाण्यांत तरंगता ठेवावयाचा, ही त्यांतील मुख्य युक्ति आहे. कणाच्या आंत उजेड व क्षार यांपासून कुरकुमिनाचें कांहींसें रक्षणही होतें.

या गाड्यांचे प्रकार अनेक आहेत. सर्वांत प्रसिद्ध तो लायपोसोम, म्हणजे स्निग्ध पापुद्र्याची पोकळ गोळी. इंग्लंडांत केंब्रिजजवळ बॅब्रॅहम येथील पशुशरीरशास्त्र संस्थेंत ॲलेक बँगहॅम यांना ती १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत सांपडली. ही संस्था शेतकी संशोधनासाठीं स्थापिलेली होती, ही गोष्ट आपल्यासारख्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. गोळीचा पापुद्रा ज्या लेसिथिनाचा करितात, तें सोयाबीनच्या तेलाच्या शुद्धीकरणांत निघतें. म्हणजे सांगलीची हळद व मराठवाडा-विदर्भांतील सोयाबीन यांची या मलमांत भेट होऊं शकते. दुसऱ्या प्रकारांत घट्ट चरबीचे सूक्ष्म कण करितात. तिसऱ्यांत तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यांत पसरवून त्यांचें दूध बनवितात.

हे कण कातडीची भिंत फोडून आरपार जातात असें मात्र समजूं नये. निरोगी त्वचेंत ते बहुधा वरच्या थरांतच थांबतात. त्यांना मोकळी वाट सांपडते ती केशकूपाची, आणि मुरमाचें ठाणें नेमकें तेथेंच आहे! बर्लिन येथील संशोधकांनीं २००७ मध्यें ३२० नॅनोमीटरांचे रंगीत कण घेऊन हें दाखविलें. डुकराच्या कानाच्या कातडीवर ते लावून चोळले असतां, कणांत न भरलेल्या रंगापेक्षां ते कूपांत अधिक खोल गेले. केंस हालला म्हणजे तो पंपाच्या दट्ट्याप्रमाणें कणांस आंत ढकलतो, असें त्यांचें मत झालें. माणसाच्या कातडीवर तपासतां, साधा रंग कूपांत ४ दिवसच दिसला, तर कण १० दिवस टिकले.

प्रयोग कोठवर आले आहेत?

येथें मन घट्ट करून खरें सांगितलें पाहिजे. गाडीची कल्पना खरी आहे, यांत शंका नाहीं. ट्रेटिनॉइन हें मुरमांवरील जुनें कृत्रिम औषध सच्छिद्र सूक्ष्म गोलकांत भरून अमेरिकेंत १९९७ पासून विकलें जातें. ते गोलक नॅनोपेक्षां बरेच मोठे असले तरी तत्त्व तेंच, औषध हळूहळू सुटावें व आग कमी व्हावी.

वनस्पतिज द्रव्यांतही आशा दाखविणारे प्रयोग झाले आहेत. खोबरेल तेलांत जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. २००९ मध्यें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो येथील संशोधकांनीं हें आम्ल मुरमाच्या जंतूंवर बेंझॉइल पेरॉक्साइड या नेहमींच्या औषधाहून पंधरापट कमी प्रमाणांतही चालतें असें दाखविलें, आणि पुढें तें लायपोसोमांत भरून जंतूंवर वापरलें. यावरून कोंकणांतील वाचकांनीं मुरमांवर खोबरेल चोळूं नये; तेलांत तें आम्ल बांधलेलें असतें, आणि तेल स्वतः कूप बुजवितें. कुरकुमिनही निरनिराळ्या कणांत भरून मुरमाच्या जंतूंवर व कातडीच्या तुकड्यांवर तपासलें गेलें आहे. उघड्या कुरकुमिनापेक्षां कणांतील कुरकुमिन त्वचेंत जास्त सांठतें, असा या प्रयोगांचा एकंदर कल आहे.

परंतु प्रयोगशाळेंतील कातडी म्हणजे माणसाचा चेहरा नव्हे. प्रयोगक्षेत्रावरील एका वाफ्यांत चांगलें आलेलें बियाणें सर्व जिल्ह्यास लावावें कीं नाहीं, हें जसें अनेक गांवच्या चांचण्यांवांचून ठरत नाहीं, तसेंच येथेंही आहे. अशी चांचणी कशी असावी याचें उदाहरण ऑस्ट्रेलियांत सांपडतें. तेथील टी ट्री नांवाच्या झाडाच्या पानांचें तेल शेंकडा ५ घालून केलेलें मलम १९९० मध्यें १२४ रोग्यांवर बेंझॉइल पेरॉक्साइडाशीं ताडून पाहण्यांत आलें. दोहोंनींही मुरूम कमी झाले. तेलाचा गुण सावकाश आला, पण त्याचा त्रास कमी झाला. कुरकुमिनाच्या अब्जांश मलमास अशा मोठ्या परीक्षांचें पाठबळ अद्याप लाभलेलें नाहीं. उलट, २०१७ मध्यें अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञांनीं कुरकुमिनावरील संशोधनाची छाननी करून असें बजाविलें, कीं हें द्रव्य प्रयोगशाळेंतील कसोट्यांस सहज फसवितें, आणि माणसांवर झालेल्या शंभराहून अधिक परीक्षांत कडक कसोटीस निर्विवाद उतरलेली एकही नाहीं. हळदीवर आपलें प्रेम असलें तरी हें मत दृष्टीआड करणें योग्य नव्हे.

हक्क कोणाचा?

१९९५ च्या मार्चमध्यें अमेरिकेंत हळदीच्या जखम भरून आणण्याच्या उपयोगावर पेटंट देण्यांत आलें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें, डॉ. रघुनाथ माशेलकर हे तिचे प्रमुख असतां, त्यास हरकत घेतली. घरोघरीं ठाऊक असलेली गोष्ट न्यायाच्या ठिकाणीं कागदानेंच सिद्ध करावी लागते. म्हणून जुने ग्रंथ व १९५३ मधील एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकांतील लेख पुढें मांडण्यांत आले, व १९९७ मध्यें तें पेटंट रद्द झालें.

हा विजय मोठा खरा; पण त्याची मर्यादाही समजून घ्यावी. हळद गुणकारी आहे हें ज्ञान कोणाच्या मालकीचें होऊं शकत नाहीं. मात्र ती वाहून नेणारी नवी गाडी जो बनवील, त्यास त्या गाडीचा हक्क मिळूं शकतो. पुढेंमागें अशा मलमांतून पैसा झालाच तर त्यांतील मोठा वांटा गाडीवाल्याचा राहील.

दुप्पट भावाचें गणित

आतां त्या रंगीत कागदाकडे वळूं. समजा, मलमांत कुरकुमिन शेंकडा १ आहे व नळी ३० ग्रॅमची आहे. म्हणजे एका नळींत कुरकुमिन ३ दशांश ग्रॅम झालें. हळदींत कुरकुमिन शेंकडा ३ धरलें, तर एका नळीस १० ग्रॅम हळद पुरते. एक क्विंटल हळदींतून, सर्व कुरकुमिन निघालें असें मानल्यास, १० हजार नळ्या होतील! हंगामांत सांगलीच्या पेठेंत एका दिवसास हजारों पोतीं हळद येते. तेव्हां मलमासाठीं सर्वांची हळद दुप्पट भावानें उचलली जाईल, हें म्हणणें साध्या त्रैराशिकापुढें टिकत नाहीं. औषधासाठीं माल जाईल तो थोडा, पण पारखून घेतलेला जाईल. भाव वाढेल तो त्या पारखीचा.

यास्तव हळद पिकविणाऱ्यांनीं पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावें.

१. आपल्या मालांतील कुरकुमिन मान्य प्रयोगशाळेंतून तपासून घ्यावें. तें जातीवर व जमिनीवर अवलंबून असतें. कालिकतच्या मसाला संशोधन संस्थेच्या प्रभा व प्रतिभा या जातींत तें शेंकडा ६ च्या वर सांगितलें जातें. मेघालयांतील लाकाडोंग हळद तर याचसाठीं प्रसिद्ध आहे. आपल्याकडे वायगांवच्या हळदीस २०१६ मध्यें व सांगलीच्या हळदीस २०१८ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें आहे. पण मानांकन गांवाचें असतें, आणि तपासणीचा दाखला त्या त्या पोत्याचा असतो.

२. पाला पुरता वाळल्यावांचून काढणी करूं नये. काहिलींत गड्डे व हळकुंडें वेगळीं शिजवावीं, कारण त्यांस लागणारा वेळ सारखा नसतो. जास्त शिजविल्यानें रंग मरतो. वाळवण मातीवर न करितां स्वच्छ खळ्यावर किंवा ताडपत्रीवर करावें, म्हणजे बुरशी धरणार नाहीं.

३. पॉलिश करितांना रंग येण्यासाठीं कोणतीही पिवळी भुकटी घालूं नये. लेड क्रोमेट या भुकटींत शिसें असतें, व तें लहान मुलांच्या बुद्धीचा घात करितें. बांगला देशांत २०१९ मध्यें बाजारांतील हळदीच्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत ही भेसळ आढळली. सरकारनें दंड व प्रचार दोन्ही चालविले, आणि २०२१ मध्यें ती शून्यावर आली. मनावर घेतलें तर दोन वर्षांत हें साधतें.

४. फवारणीची तारीख, औषध व प्रमाण वहींत लिहून ठेवावें. औषधी माल घेणारा पहिला प्रश्न तोच विचारतो.

५. करार पुढें आल्यास चार प्रश्न विचारावे. कुरकुमिन कोण व कोठें मोजणार? भाव कोणत्या टक्क्यास किती? औषध करण्याचा परवाना कोणाच्या नांवें आहे? आणि विकत घेणारा तुम्ही असतां आगाऊ पैसे आम्हीं कां भरावे?

मुलीचें काय?

त्या नळीवरील बारीक अक्षरें वाचतां तींत तीव्र स्टेरॉइड असल्याचें दिसलें. असें मलम कांहीं दिवस लाली दाबून चेहरा उजळवितें, म्हणून लोक भुलतात. पुढें कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसूं लागतात, मुरूम वाढतात, आणि थांबविलें कीं आग भडकते; म्हणून पुन्हा तेंच लावावेंसें वाटतें. केंद्र सरकारनें २०१८ मध्यें अशीं अनेक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास बंदी केली. तरी खेड्यापाड्यांत तीं मिळतात, ही दुःखाची गोष्ट आहे.

आम्हीं मुलीस त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे नेण्यास सांगितलें. बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापालिन यांसारखीं कसास लागलेलीं औषधें आजही उपलब्ध आहेत व तीं महाग नाहींत. मात्र त्यांचा गुण येण्यास दोन-तीन महिने लागतात, तेवढा धीर धरावा लागतो. स्टेरॉइड कसें सोडवावें हेंही डॉक्टरांनींच ठरवावयाचें असतें. आमच्या स्नेह्यांनीं त्याप्रमाणें केलें. परवां ते मुलीस घेऊन आले होते. डाग अजून आहेत, परंतु आग थांबली आहे, आणि ती पूर्वींप्रमाणें मान वर करून बोलते. आपल्या बापास न विचारतां तिनें ती नळी आणिली, कारण मुरमांचा विषय घरांत थट्टेचा होता, हें तिनेंच सांगितलें. हा शब्द प्रत्येक बापानें मनावर घ्यावा.

रंगीत कागदवाल्या गृहस्थास वरील चार प्रश्न विचारण्यांत आले. उत्तर घेऊन येतों म्हणून तो गेला, तो अद्याप आलेला नाहीं.

हळदीचा गुण त्वचेंत नेणारी गाडी उद्यां खरोखरच तयार होईल. ती व्हावी अशी आमचीही इच्छा आहे. तोंवर देवापुढें, लग्नांत व आमटींत हळदीचें स्थान आहे तेथेंच असूं द्यावें, आजारी कातडी डॉक्टरांस दाखवावी, आणि आपलें पोतें असें निर्मळ ठेवावें, कीं ती गाडी दाराशीं येईल त्या दिवशीं आपला माल परत जाणार नाहीं.